कोल्हापूरची रिकामी जागा

आरोही घाडीला प्रश्न पडायला कारण लागत नाही. लहानपणी जांबोटीच्या बसमध्ये बसली की ती कंडक्टरला विचारायची, गाडी चढाला कण्हते ती पोटातून की नाकातून? ड्रायव्हरकाका गिअर टाकताना तोंड का वाकडं करतात? कंडक्टर बिचारा तिकिटं फाडणार की उत्तरं देणार! एकदा वैतागून तो तिच्या बापाला म्हणाला, "भरमूअण्णा, ह्या पोरीला डाक्टर करा, न्हायतर वकील करा. दुसऱ्या कुटल्या धंद्यात ही टिकायची न्हाय." भरमूनं ते मनावर घेतलं. वकिलाला खोटं बोलावं लागतं अशी त्याची पक्की समजूत असल्यामुळे डॉक्टरकीच उरली.

मोठ्या डॉक्टरकीला मार्क थोडे कमी पडले. महाराष्ट्रात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी काही जागा राखीव असतात, त्यातलीही एक तिची थोडक्यात हुकली. तिच्याच शाळेतल्या रूपालीला मात्र ती मिळाली आणि रूपाली कोल्हापूरला आयुर्वेदाला गेली. आरोहीला आयुर्वेदच मिळाला, पण बेळगावात. भरमूनं पेढे वाटले खरे, पण वाटताना प्रत्येकाला सांगितलं, "आता बेळगावात मिळालंय. फुडं बगू." तरुणपणी सीमाभागाच्या मोर्च्यात घसा बसेपर्यंत घोषणा दिलेला माणूस तो. गावात पाच-सहा गुंठे भात आणि बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत नोकरी, यावर त्यानं संसार ओढला. पोरगी महाराष्ट्रात शिकावी, एवढी एकच हौस त्यानं बाळगली होती.

आणि पहिलं वर्ष संपता संपता ती हौस पुरी व्हायची वेळ आली. रूपालीचा फोन आला, "आमच्या वर्गातली एक पोरगी सोडून चाललीया. जागा रिकामी हाय. येतीस काय बोल!" आयुर्वेदाच्या मुलांना कॉलेज बदलायला मिळतं ते पहिलं वर्ष पास झाल्यावरच. जागा रिकामी हवी, आणि दोन्हीकडच्या कॉलेजांची, विद्यापीठांची संमती हवी. नापासांना ही सोय नाही. आरोही चांगली पास झाली होती. कोल्हापूरच्या लोकांनी मान डोलावली होती. आता तिनं आपल्या प्रिन्सिपॉलसाहेबांकडे अर्ज नेऊन द्यायचा, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यासाठी ती आठवडाभर अर्ज बॅगेत घेऊन हिंडत होती. भरमू रोज फोन करून विचारायचा, "दिलीस काय गं?" आणि ती तिकडच्या पोरी बोलतात तसं म्हणायची, "उद्या देतो, आप्पा."

आता कुणी म्हणेल, जायचं तर जायचं, नाही तर नाही, एवढं कसलं घोडं अडलंय? घोडं असं अडलं होतं की जायची कारणं ढीगभर होती, आणि न जायचं एकही कारण तिला सापडत नव्हतं, तरी पाय उचलत नव्हता. हे असं का, याचंच तिला कुतूहल होतं.

जायचं पहिलं कारण म्हणजे हसू. वर्गात शिकवायचे इंग्रजीत, श्लोक संस्कृतात, तिथं ती कुणाला ऐकत नव्हती. पण सर मधेच कन्नडातून विनोद करायचे, सगळा वर्ग खळखळून हसायचा, आणि आरोही शेजारच्या विद्याश्रीकडे बघून मग हसायची. विद्याश्री बैलहोंगलकडची. तिच्या घरी सगळं कन्नड. होस्टेलच्या खोलीत दोघी हिंदी, इंग्रजी आणि हातवाऱ्यांची भेळ करून बोलायच्या. जांबोटीकडच्या रानातल्या गावात कन्नड कानावर पडायचं ते तहसीलदाराच्या जीपमधून, नाहीतर शेजारच्या मास्तरीणबाईंकडून. शाळेत विषय होता, त्यात मार्कही बरे पडले होते. पण मार्कांना हसता येत नाही.

दुसरं कारण जास्त खरं होतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ओपीडीत बसवायला सुरुवात झाली होती. पेशंट आला की आधी विद्यार्थ्यानं विचारपूस करायची, काय होतंय, कधीपासून, कशानं वाढतं, मग मॅडमपुढं न्यायचं. ज्या मुलीचा जन्म प्रश्न विचारण्यात गेला, तिला इथं प्रश्नच फुटेनात. "बर्री, कूड्री," या, बसा, इथपर्यंत गाडी झोकात जायची. "एन आग्याद्री?" काय झालंय, हेही जमायचं. पण समोरचं माणूस बोलायला लागलं की चार वाक्यांतलं एक हाताला लागायचं. बाकीची तीन कुठं गेली, या विचारानं तिला रात्री जेवण जायचं नाही. औषध चुकलं तर मॅडम सुधारतील, पण ऐकणंच चुकलं तर कोण सुधारणार?

रविवारी ती कोल्हापूर बघून यायला निघाली. एसटीच्या खिडकीशी बसली. निपाणी गेली तशी तिची मान खिडकीबाहेर. शेजारच्या गृहस्थांना तिनं विचारलं, "काका, हद्द नेमकी कुटं लागती ओ?" ते झोपेतून म्हणाले, "कोगनोळीचा टोल गेला की म्हाराष्ट्र." तिनं डोळे फाडून बघितलं. टोलच्या अलीकडं ऊस, पलीकडं ऊस. तोच ट्रॅक्टर, त्याच दोन ट्रॉल्या. पाट्यांवरची अक्षरं तेवढी बदलली. नेमक्या कुठल्या शेतात माणसाची कन्नड 'होट्टी' संपून मराठी 'पोट' सुरू होतं, हे काही तिला दिसलं नाही. काकांना विचारावंसं वाटलं, पण ते परत घोरायला लागले होते.

कोल्हापुरात मात्र तिचं मन हरखलं. रूपालीनं सोमवारी तिथल्या मॅडमच्या परवानगीनं तिला ओपीडीत बसवलं. समोर एक बाई आली. आरोहीनं "काय हुतंय मावशी?" एवढंच विचारलं, आणि त्या बाईनं जावेच्या लग्नापासून जी सुरुवात केली ती सांधेदुखीपर्यंत येऊन थांबली. एक अक्षर वाया गेलं नाही. आरोहीनं पानभर लिहिलं. सगळं सांगून झाल्यावर बाई म्हणाली, "तुमी कर्नाटकातल्या काय ओ? बोलन्याला कानडी हेल हाय." सगळे हसले, आरोहीही हसली, आणि नेमकी सगळ्यांबरोबर हसली. येताना बसमध्ये तिनं बापाला फोन केला, "आप्पा, उद्या नक्की देतो." भरमूला इतका आनंद झाला की त्यानं फाउंड्रीत आपल्या पाळीतल्या सगळ्यांना तिथल्या तिथं सांगून टाकलं.

अर्ज मंगळवारी जायचा. पण मंगळवारी ओपीडीला गर्दी उसळली, आणि मॅडमनी आरोहीला उठूच दिलं नाही.

दुपारकडे एक साठीची बाई आली. काठाचं हिरवट लुगडं, हातात पिशवी, पिशवीत दोन वेळा दिलेल्या चूर्णाच्या पुड्या. दारातूनच तिनं "नमस्काऱ्री" म्हटलं, म्हणून आरोहीनंही आपलं सगळं कन्नड गोळा केलं. "एन आग्याद्री?"

"होट्टी," बाई म्हणाली. मग जरा विचार करून, "होट्टी भाळ नोवु." पोट फार दुखतंय.

"यावागिंद?" कधीपासून?

बाईनं बोटं दाखवली. तीन. तीन दिवस, तीन आठवडे की तीन महिने, ते तिलाही सांगता येईना आणि आरोहीलाही विचारता येईना. दोघीही एकमेकींकडे बघून मान डोलवत राहिल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय सुंदर संवाद चाललाय! आधीच्या दोन वेळांनाही कागदावर पोटदुखीच लिहिलेली होती आणि पाचक चूर्ण दिलेलं होतं. आरोहीनंही तेच लिहून टाकलं असतं. पण तिला एक गोष्ट दिसली. बाई 'होट्टी' म्हणते तेव्हा तिचा हात पोटावर जात नाही, पार खाली ओटीपोटावर जातो, आणि डोळे जातात पडद्यापलीकडे, जिथं वर्गातले मुलगे बसलेत. हे काय? आरोहीला राहवेना. पण विचारायचं कसं? ती डोकं खाजवत स्वतःशीच पुटपुटली, "मुरडा मारतोय का जळजळतंय, हे कन्नडात कसं इचारू गं बाई!"

बाईचे डोळे मोठे झाले. "आगं बया! मराठी हाईस व्हय तू?"

"म्हंजे तुमी?"

"मी जांबोटीच्या पलीकडची. जयाबाई."

 दोघींच्या गावांमध्ये दोन-तीन कोसांचं रान, आणि दहा मिनिटं दोघी परक्यासारख्या मोडकं कन्नड झाडत होत्या! आरोहीला हसू आवरेना, आणि हसता हसता तिनं विचारलंच, "मग मावशी, कन्नड का बोलालाय?"

जयाबाईला या प्रश्नाचं नवल वाटलं. "हितं भायर बोर्ड कन्नडात हाय. शिपाई कन्नडात हाक मारतोय. लेक म्हनला, आई, हपिसात आनि दवाखान्यात कन्नडच बोलायचं, म्हंजे काम लौकर हुतंय. तू बी कन्नडातच इचारलीस. मला वाटलं, मोटी डाक्टरीण. मला कन्नडातलं होट्टी आनि नोवु येवढंच ठावं. मग तेवडंच सांगितलो."

"आनि खरं काय हुतंय?"

जयाबाईनं पडद्याकडं बघितलं. मग खुर्ची पुढं ओढून आरोहीच्या कानाशी आली. पाळी बंद होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. आता तीन महिने परत अंगावरून लाल जात होतं. घरात सून आणि लेक, कुणाला सांगायचं? इथं दोनदा आली, दोनदा होट्टी म्हणून गेली. "पुड्या खातोय," ती म्हणाली, "पोट साफ हुतंय. बाकी हाय तसंच हाय."

आरोहीचं हसू कुठल्या कुठं गेलं. दुसऱ्या वर्षाची असली तरी पाळी गेल्यावर परत रक्त जाणं म्हणजे थट्टा नाही, एवढं तिला वाचून माहीत होतं. तिनं जयाबाईला हाताला धरून मॅडमकडे नेलं. मॅडमनी तपासलं, त्यांचा चेहरा गंभीर झाला, आणि जयाबाईला त्याच दिवशी बायकांच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं.

त्या दिवशी अर्ज गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कारण आरोहीला आता नवीन वेड लागलं होतं. इथं बसलेल्या माणसांपैकी किती जण कामापुरतं दुसऱ्याचं बोलतात आणि आपलं पोटात ठेवतात?

अर्धवट शहाणपण वाईट. तिनं दुसऱ्या दिवशी सरसकट मराठीतून सुरुवात केली. एक बाई आली, पदर डोक्यावर. "ताप येतो काय?" "व्हय." "जुलाब?" "व्हय." "चक्कर? खोकला? कंबर?" "व्हय, व्हय, व्हय." जगातले सगळे रोग घेऊन बसलेली ही बाई एवढी टवटवीत कशी? आरोहीनं विद्याश्रीला हाक मारली. विद्याश्री येऊन बोलली तर बाई गोकाककडची निघाली. आरोहीनं मराठीतून विचारलं, म्हणजे मराठी डॉक्टर. मग मराठीच बोलावं, नाहीतर राग येईल, म्हणून तिला येणारा एकमेव मराठी शब्द ती निष्ठेनं म्हणत होती. जयाबाईची चूक तीच, नुसती कूस बदललेली.

रात्री मेसमध्ये दोघी यावर डोकं लढवत बसल्या. विद्याश्रीचीही हीच रड होती, उलट्या बाजूनं. मराठी बाया तिच्यापुढे 'होट्टी' करत बसायच्या आणि तिला वाटायचं, किती सरळ साधी केस! सरळ विचारावं, तुम्ही मराठी का कन्नड? छे! बेळगावात हा प्रश्न विचारला की माणूस दचकतो. कुणी म्हणतो दोन्ही येतं, कुणी म्हणतो आमचं कुणाशी वैर नाही, आणि एखादा तर इतिहासच सुरू करतो. मग विचारायचं काय? माणूस कुठल्या भाषेत खोटं बोलू शकत नाही? रागात? स्वप्नात? आरोहीला आपली आई आठवली. शेजारच्या कन्नड मास्तरीणबाईंशी ती गोड कन्नड बोलायची, पण म्हैस दुधाच्या कासंडीला लाथ मारायची तेव्हा जे काही बोलायची ते अस्सल मराठी.

"म्हैस!" आरोही एवढ्या मोठ्यानं ओरडली की वाढपी थांबला.

दुसऱ्या दिवसापासून त्या दोघी पेशंटला आधी दोन्ही भाषांत विचारायच्या, घरी म्हैस आहे का? आणि तिनं लाथ मारली तर तुम्ही तिला काय म्हणता? शहरातल्या माणसाला म्हशीऐवजी खोड्या करणारा नातू. माणसं आधी बावचळायची, मग तोंडाला पदर लावून हसायची, आणि मग म्हशीला जे म्हणतात ते म्हणायची. ते बोल इथं लिहिण्यासारखे नाहीत, पण ज्या भाषेतून यायचे त्याच भाषेतून पुढचं सगळं यायचं. मराठी असेल तर आरोहीकडे, कन्नड असेल तर पडद्याआडून विद्याश्रीकडे. बदल्यात विद्याश्री तिला मुरड्याला कन्नडात काय म्हणतात ते शिकवायची, आणि आरोही तिला 'अंगावरून जाणं' म्हणजे काय ते. मॅडम पहिल्या दिवशी भडकल्या, "हा दवाखाना आहे की गोठा?" चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच एका म्हाताऱ्याला म्हशीबद्दल विचारलेलं दोघींनी ऐकलं.

असं सगळं मजेत चाललं होतं, पण बॅगेतला अर्ज बॅगेतच होता. पुढच्या आठवड्यात रूपालीचा फोन आला, "आगं, जागा काय तुज्यासाठी लग्नाला थांबल्यासारकी थांबणार न्हाय. शनिवारपातूर सांग." जायची सगळी कारणं होती तशीच होती. कोल्हापूरला सगळं सोपं होतं. आरोहीला सोपं नको होतं असं नाही. कुणाला नको असतं? इथं राहिलं तर अजून चार वर्षं तीन वाक्यं हरवणार होती. कन्नड शिकायला ती विद्याश्रीइतकी हुशार नव्हती. तिला भीती वाटत होती, आणि ती तिनं विद्याश्रीला सांगूनही टाकली.

शनिवारी सकाळी जयाबाई आली. बरोबर सून होती. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या होत्या. गर्भपिशवीत गाठ निघाली होती, वाईटातली, पण पसरलेली नव्हती. ऑपरेशन ठरलं होतं. "लौकर आलात म्हणाले," सून म्हणाली. आरोहीला कळेना, हसावं की रडावं. तीन महिने म्हणजे लवकर? पण तीन महिन्यांचं वर्ष झालं असतं, होट्टी होट्टी करता करता, हेही तिला कळत होतं.

जयाबाई मात्र वेगळ्याच काळजीत होती. तिनं आरोहीचा हात धरला. "आप्रेशन झाल्यावर हितं परत दाखवाय यायचं हाय. तवा तू असशील न्हव? न्हायतर मला परत होट्टी करत बसाय लागंल."

"असणार," आरोही म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिला कळलं की आपण काय म्हणालो. इतके दिवस जे मनाला ठरवता आलं नाही ते तोंडानं ठरवून टाकलं होतं. तिनं पुन्हा एकदा मनात तपासून बघितलं, कुठं दुखतंय का. कोल्हापूरसाठी थोडं दुखत होतं. पण शब्द मागं घ्यावासा वाटला नाही. तिनं रूपालीला कळवलं आणि संध्याकाळच्या बसनं घरी गेली. आता खरं संकट पुढं होतं.

भरमू अंगणात बसला होता. ऐकून त्याचा चेहरा पडला, मग लाल झाला. "डोकं फिरलंय काय तुजं? लोकं तिकडं जाया मिळंना म्हणून रडत्यात, आनि तू हातातलं सोडालीस? फौंड्रीत सगळ्यास्नी सांगून बसलोय मी. नाक कापलीस माझं."

आतून आई म्हणाली, "जेवून भांडा."

आरोहीनं वाद घातला नाही. तिनं नाव-गाव न घेता त्या बाईची गोष्ट सांगितली. चूर्णाच्या पुड्या, होट्टी, आणि मग ती गाठ. भरमू ऐकत होता, पण राग उतरला नव्हता.

"मग ती बाई खुळी म्हणायची," तो म्हणाला. "मला बग. फौंड्रीत पंचवीस वर्सं कन्नडातच काढलो. साहेब म्हणतोय, भरमू, तुजं कन्नड माज्यापेक्षा चांगलं. मला कुटं अडत न्हाय."

"दवाखान्यात बी?"

"दवाखान्यात बी. कंपनीच्या डाक्टरला कन्नडातच सांगतो की."

"काय सांगता?"

"कै नोवु म्हणून सांगतो. हात दुखतोय. गोळी देतोय त्यो."

आरोही थबकली. "आप्पा, तुमचा हात दुखतोय? कवापासनं?"

 आई दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या तोंडावरून दिसत होतं की हे तिलाही नवं आहे. भरमू आपल्या हाताकडे बघू लागला, जणू तो दुसऱ्याचाच होता.

"दुखत न्हाय गं," तो म्हणाला. "दुखलं असतं तर बरं. ही बोटं हाईत न्हव, ही मरत्यात. ग्राइंडर धरून धरून सकाळी पांढरी फटक पडत्यात, चुन्यावानी. मुंग्या येत्यात, मग कायबी कळत न्हाय. परवा चहाचा कप हातातनं सुटला. फुटल्याचा आवाज आला तवा कळलं, हातात कप हुता म्हणून."

"मग दुखतंय म्हणून का सांगितलासा?"

"त्याला कन्नडात काय म्हणत्यात, मला कुटं ठावं?" भरमू म्हणाला. आवाज एकदम खाली गेला होता. "मशीनचं सगळं येतंय गं मला कन्नडात. अंगाचं न्हाय येत."

 आईनं डोळ्यांना पदर लावला.  इतके दिवस ती अनोळखी माणसांना खोदून खोदून विचारत होती, आणि बापाला तिनं कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. तिनं सरकून त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला.

"आप्पा, पयलं कुटल्या बोटापासनं सुरू झालं?" तिनं विचारलं. आणि भरमू सांगायला लागला.